सोळा फेऱ्यांचा हिशेब

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले आणि डॉक्टरांनी 'आता घरी जा' म्हटलं, की घरची माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात. पण हातातल्या कागदावर पुढल्या तपासणीची एक तारीख लिहिलेली असते. ती चुकते, ती बहुधा आळसानं नव्हे, पैशापायी. तेव्हा त्या पैशाचाच हिशेब मांडू या.

हा रोग उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून समजा, तुम्हांला पहिल्या वर्षी दर दोन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी तीन महिन्यांनी आणि पुढं पाच वर्षं पुरी होईतो सहा महिन्यांनी बोलावलं. १६ फेऱ्या झाल्या. परभणीचा रोगी मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात येतो तो सोबतीला कुणाला तरी घेऊनच. रात्रीच्या गाडीनं येऊन रात्रीच्या गाडीनं परतलं तरी दोघांचे मिळून चार रोज बुडतात. साऱ्या फेऱ्यांत ६४! आणि डॉक्टर करतात काय? उजेड पाडून तोंड पाहतात, गालात बोट फिरवतात, मान चाचपतात, जरूर तर दुर्बिणीनं घसा पाहतात. एवढ्यासाठी आलो होय, असं वाटतं. पण खरं मोल त्या बोटाचं आहे, बरं का! काही तक्रार नसताना दर खेपेला महागडा स्कॅन काढल्यानं आयुष्य वाढतं, असं सिद्ध झालेलं नाही.

योग्य वेळचा स्कॅन मात्र पैसे वाचवतो. ब्रिटनमध्ये मानेत गाठी पसरलेल्या ५६४ रोग्यांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. किरण आणि औषधं एकत्र दिल्यावर सुमारे तीन महिन्यांनी पेट-सीटी काढून ज्यांना गरज दिसली त्यांचीच मान उघडली. अशा शस्त्रक्रिया ५४ झाल्या. सरसकट करायच्या ठरवलेल्या गटात २२१. जगण्यात उणेपणा आला नाही, खर्चही घटला.

प्रवासखर्चाचंही सांगतो. कर्करोग्याला उपचारासाठीच नव्हे, तर नंतरच्या तपासणीसाठीही रेल्वेची सवलत आहे. स्लीपर आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गात त्याचं भाडं माफ, सोबत्याला शेकडा ७५ सूट. दाखला रुग्णालयातून मिळतो. तो मागून घ्यायला संकोचू नका. मानेवर किरण घेतले असतील तर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी करावी लागते. ती गावाजवळच करून कागद सोबत न्या. पुढं पुढं एकाआड एक तपासणी जिल्ह्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चालेल का, हेही विचारा.

आणि दाढ दुखली म्हणून लगेच उपटून घेऊ नका. किरण लागलेलं जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. ते सडलं तर त्याचा खर्च या साऱ्या फेऱ्यांना मागं टाकील. दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा, मी किरण घेतले आहेत. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा मानेला गाठ लागली, तर कागदावरच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच रात्रीची गाडी धरा.