धावायचं तर घालायचं काय?

(शिरपूर जैन, जि. वाशीम येथे महिला व किशोरींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी तुमच्याशी कपड्यांविषयी बोलणार आहे. सणासुदीच्या नाही, व्यायामाच्या कपड्यांविषयी. विषय ऐकून मागे काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. सोयाबीनचा भाव, दारू, हुंडा, घरातली मारहाण असे प्रश्न समोर असताना या बाईला कपडे कुठून सुचले, असं वाटणं साहजिक आहे. पण मालेगाव तालुक्यात किशोरी गटांचं आणि बचत गटांचं काम करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. आपल्या मुली मैदानापर्यंत पोचतात आणि तिथून परत फिरतात, त्यामागे पुष्कळदा कापडाचा प्रश्न असतो. त्या परत फिरल्या की कुणाची नोकरी जाते, कुणाची तब्येत जाते. म्हणून हा विषय.

पोलीस भरतीचंच घ्या. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुली आता आपल्या भागात नवीन राहिलेल्या नाहीत. शासकीय नोकरीत स्त्रियांना ३० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे एरवी मुलीला एकटं बाहेर न सोडणारा बापही पहाटे उठवून देतो. शिपायाच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलींना ८०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. इथे सेकंदांवर गुण ठरतात. आता ओढणी घेऊन धावणारी मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिचा एक हात ओढणीवर असतो. धावताना दोन्ही हात कोपरात वाकवून मागेपुढे झोकायचे असतात, त्याच्यावर पायांची लय चालते. एक हात छातीशी अडकला की पाऊल आखूड पडतं. गोळा फेकताना खांदा वर जातो, त्याबरोबर कुर्ता वर सरकतो, आणि फेक पुरी व्हायच्या आत ती कुर्ता खाली ओढते. गोळा जवळच पडतो. मग शिकवणारे म्हणतात, पोरींमध्ये दम नाही. दम आहे हो! तो सगळा अंग झाकण्यात खर्च होतो.

सराव सोडलेल्या मुलींना मी कारण विचारलं तेव्हा पहिली उत्तरं ठरलेली होती. अभ्यास आहे, आई नको म्हणते. दोन-तीनदा शेजारी बसल्यावर खरं बाहेर आलं. एक म्हणाली, “ताई, ते चिपकी पँट घालून मी गावातून कशी जाऊ?” दुसरी म्हणाली, “पांढरा टी-शर्ट घामानं भिजला की आतलं सगळं दिसते.” एका मुस्लिम मुलीला पूर्ण बाहीचा शर्ट आणि डोक्याला रुमाल एवढंच हवं होतं. तिला सांगण्यात आलं, सगळ्यांसारखी येत असशील तर ये. ती गेलीच नाही.

मोठ्या बायकांचं दुखणं वेगळं आहे. डॉक्टर साखरेसाठी नाहीतर रक्तदाबासाठी चालायला सांगतात. साडीवर बूट घातले तर लोक हसतात, आणि जोडव्यांमुळे बूट बोटांना चावतात. चप्पल घालून चालावं तर टाचा दुखतात. आमच्या गटातली एक जण हौसेने जिममध्ये बायकांच्या वेळेला गेली आणि दोन दिवसांत परत आली. म्हणाली, “चारी बाजूंनी आरसे, अन् प्रत्येक आरशात मीच खोचलेल्या साडीत.”

आता कुणी म्हणेल, हे सगळं शहरातलं खूळ आहे, आपल्या बायकांना कामच एवढं की वेगळा व्यायाम कशाला. हे मला मान्य नाही. निंदणाने कंबर दुखते, ती काही आपोआप बळकट होत नाही. तरी या बोलण्यातला एक धागा मला उपयोगाचा वाटतो. कष्टाला सोयीचे कपडे आपल्या बायकांनी केव्हाच शोधून काढले आहेत. आपल्या आजीचं नऊवारी लुगडं आठवा. कासोटा मारला की दोन्ही पाय मोकळे होतात, वाकता येतं, बसता येतं, झाडावर चढता येतं, आणि अंगही झाकलेलं राहतं. त्या लुगड्याला कुणी असभ्य म्हटलं नाही. आज शेतात जा. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाहीचा शर्ट घालून बायका कापूस वेचतात, तूर कापतात. डोक्याला नि तोंडाला रुमाल बांधलेला असतो. हा पोशाख कुण्या कंपनीने काढला नाही. ऊन, काटे, किडे आणि पुरुषी नजर या सगळ्यांचा विचार करून बाईनेच तो जमवला. मग तोच शर्ट घालून ती मैदानावर आली तर हसण्यासारखं काय आहे?

अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे या शिरपुरात जैन साध्वींचं येणं-जाणं असतं. त्या अंगभर पांढऱ्या वस्त्रात, अनवाणी, शेकडो मैल पायी विहार करतात. पोहरादेवीकडची बंजारा बाई फेटिया-कांचळीचं वजन अंगावर घेऊन दिवसभर राबते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. मूळच्या त्या आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांचं काम त्यांनीच केलं. लोक त्यांच्या धाडसाचं कौतुक करतात, ते करायलाच हवं. पण कौतुक करता करता एक प्रश्न विसरला जातो. गरज पडली म्हणून बाई अनवाणी धावली, पण तिच्या पायात बूट का नव्हते?

यावरून आपल्या चळवळीतला जुना वाद आठवतो. काही मैत्रिणींना वाटतं, मुली अंगभर कपडे मागतात ती पितृसत्तेनेच शिकवलेली लाज आहे. आपण ती लाज मोडायची की तिला कपडे शिवून द्यायचे? प्रश्न खोटा नाही. पण जगात काय घडलं ते बघू.

२०११ साली इराणच्या मुलींचा फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या पात्रता सामन्यासाठी जॉर्डनला गेला. डोक्याला रुमाल आहे म्हणून त्यांना खेळूच दिलं नाही. ती बंदी उठायला २०१४ साल उजाडलं. त्याच २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने स्त्री खेळाडूंनी स्कर्टच घालावा असा नियम केला, म्हणे त्याने खेळ आकर्षक दिसेल. जगभर ओरड झाली आणि २०१२ मध्ये तो मागे घ्यावा लागला. २०२१ साली नॉर्वेच्या मुलींनी वाळूवरच्या हँडबॉलमध्ये ठरवून दिलेल्या तोकड्या चड्डीऐवजी थोडी लांब चड्डी घातली, तर संघाला १५०० युरो दंड झाला. त्यांनी माघार घेतली नाही. त्याच वर्षी नियम बदलला.

एकीकडे कापड जास्त झालं म्हणून बाहेर काढलं, दुसरीकडे कमी हवं म्हणून दंड केला. दोन्हीकडे खेळणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे घरचे म्हणतात झाक, जाहिरात म्हणते दाखव. ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदेही बुलडाण्याच्याच. पुरुषाला एक न्याय नि बाईला दुसरा का, असं त्यांनी १८८२ साली विचारलं. आज पुरुष बनियनवर जिममध्ये जातो, तेव्हा गावाच्या अब्रूचा प्रश्न येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. मुलीने ठरवावं. तिला पूर्ण बाही हवी तर पूर्ण बाही, चड्डी हवी तर चड्डी. तिच्यावर कुणी लादत असेल, तर लादणाऱ्याशी भांडू. पण ती स्वतः म्हणाली, की मला सैल आणि अंगभर कपड्यात मोकळं वाटतं, तर तिला मागासलेली ठरवू नका. मैदानावर पाय ठेवण्यासाठी तिने घातलेली ती अट आहे. ती पुरी करा आणि तिला धावू द्या. अंगात ताकद आली, पायाला सवय झाली, की पुढे काय घालायचं ते ती बघून घेईल.

आता थोडं कामाचं बोलू. सैल आणि सभ्य म्हणजे जुना पंजाबी ड्रेस असं समजू नका. सुती कापड घाम पितं, पण सोडत नाही. ओलं झालं की जड होतं, अंगाला चिकटतं, मांड्यांना काचतं. फिकट रंगाचं असेल तर आरपार दिसतं. मैदानावरच्या टी-शर्टचं विणलेलं पॉलिस्टर लवकर वाळतं, पण पातळ असलं तर तेही अंगाची रेघ न् रेघ दाखवतं. म्हणून कापड घेताना आत हात घालून उजेडाला धरा. बोटं दिसली तर ते घेऊ नका. रंग गडद आणि चमक नसलेला घ्या. पाळीच्या दिवसांतही तो आधार देतो. उन्हात मात्र गडद रंग तापतो, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात सराव सूर्य वर यायच्या आत संपवा.

कुर्ता मांडीच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंना कट, काखेत आणि पँटच्या जांघेत चौकोनी तुकडा जोडलेला. हा तुकडा महत्त्वाचा, त्यानेच पाय फाकतो आणि शिवण उसवत नाही. कमरेला नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक. पायघोळ पलाझो नको, तो सायकलीत आणि यंत्रात अडकतो. ओढणीचंही तसंच. मळणी यंत्रात पदर जाऊन काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको; जिममधलं फिरतं यंत्रही ओढणी ओळखत नाही. ओढणीशिवाय अवघड वाटत असेल तर वरून बिनबाह्यांची सैल कोटी शिवा. डोकं झाकायचं असेल तर रुमाल मागे गाठ मारून, टोकं आत. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत. जोडवी तेवढ्या वेळापुरती काढून ठेवली तर नवऱ्याचं आयुष्य कमी होत नाही, याची खात्री बाळगा. शिंप्याकडे कपडे घालून बघाल तेव्हा नुसत्या उभ्या राहू नका. पाच उठाबशा काढा, दोन्ही हात वर करा, खाली वाका. कपडा वर सरकला तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

आणि आतल्या कपड्यांचं बोलायला लाजू नका. धावताना छातीला आधार नसेल तर दुखतं, आणि मुली त्याच कारणाने खांदे पुढे ओढून धावतात. नेहमीची बॉडी या कामाची नाही. १९७७ साली अमेरिकेत तीन बायकांनी पुरुष खेळाडूंचे दोन आधारपट्टे, म्हणजे एक प्रकारचे लंगोटच, एकत्र शिवून खेळाची पहिली ब्रा तयार केली. पुरुषांच्या अवघड जागेची सोय आधीच झालेली होती, आपली आपल्यालाच शिवून घ्यावी लागली! आज ही ब्रा बाजारात मिळते. पण तालुक्याच्या दुकानात पुरुष विक्रेत्यासमोर माप सांगायला मुलगी घाबरते. मग गटाने एकत्र मागवा. छातीखालचं माप टेपने एकमेकींचं घ्या. ती घालून दोन उड्या मारा. पट्टा वर सरकला तर ढिली, श्वास अडला तर घट्ट.

कपडे झाले तरी जागेचा प्रश्न उरतो. कपडे बदलायला आडोसा नसेल तर मुलगी घरूनच तयार होऊन गावभर नजरा झेलत येते. महिला ग्रामसभा हे आपलं हक्काचं व्यासपीठ आहे. नेहमीच्या ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते. तिथे ठराव मांडा, की मैदानाजवळ कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली, पाणी, शौचालय, पहाटे दिवा आणि खुल्या व्यायामशाळेत बायकांची ठरलेली वेळ हवी. जिम चालवणाऱ्यांना सांगा, बायकांच्या वेळेत मोबाइलने चित्रण चालणार नाही. कपडे बदलताना कुणी चोरून पाहिलं किंवा चित्रण केलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पाठलाग केला तर कलम ७८. हे कलम पाठ करा आणि मुलींनाही पाठ करायला लावा.

शेवटी, इथे बसलेल्या प्रत्येक गटाला माझी एक मागणी आहे. गटात कुणाकडे तरी शिलाई मशीन असतं. येत्या महिन्यात सराव करणाऱ्या मुलींना बोलवा, काय हवं ते त्यांच्या तोंडून ऐका, आणि एक नमुना शिवा. तो घालून एका मुलीला धावायला लावा, चुकलं तिथे उसवा, पुन्हा शिवा. जमलेला नमुना कागदावर कापून शेजारच्या गावाला द्या. आणि मैत्रिणींनो, एक जोड आपल्या मापाचाही शिवा. मुलींना पाठवून आपण ओट्यावर बसून राहायचं, असं आता चालायचं नाही.