पाटीवरचे शब्द



डिचोलीहून पेडण्याला शिकवायला जाणारा मी माणूस. वाटेतल्या पाट्या वाचण्याची खोड जुनी. हरमलला काजूच्या एका दुकानावर ठळक अक्षरांत ‘गिफ्ट पॅक’ लिहिलेले आहे. तिथे कामाला असलेला माझा विद्यार्थी विचारू लागला, “सर, एक जर्मन बाई पाटी वाचून हसल्या, ते का?” अहो, जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष! ‘मेन्यू’ही तिकडे पदार्थांची यादी नव्हे, ठरावीक पदार्थांचे जेवण.

मी त्याला म्हटले, इंग्रजीची काठी जरा बाजूला ठेव. ‘अननस’ आपण म्हणतो, पोर्तुगीज म्हणतात, जर्मनही म्हणतात. इंग्रजी तेवढी वेगळी. शब्द मूळचा ब्राझीलच्या तुपी भाषेतला. ‘काजू’ही तिथलाच, पोर्तुगिजांबरोबर आपल्या डोंगरांवर चढलेला.

मग त्याने खरी अडचण सांगितली. शेजारच्या शॅकवाल्याने हुर्राकाला फळ्यावर ‘काजू वाईन’ केले होते. वाईन नुसती आंबवतात. हुर्राक बोंडूंचा रस आंबवून एकदा गाळतात. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे नाव सुटले. हुर्राकाचे काय? ‘हुर्राकच लिहा, खाली एका ओळीत अर्थ द्या,’ असा निरोप मी पाठवला. मालक म्हणाला, गिऱ्हाईक अडखळते. त्याचेही खोटे नाही. धंदा चार महिन्यांचा.

पुढच्या खेपेस पाहिले, तर ‘वाईन’ तशीच होती. तिच्याखाली खडूने, देवनागरीत, कोणीतरी ‘हुर्राक’ लिहिले होते. अक्षर माझ्या ओळखीचे.