न दिसणाऱ्या सागराचे चित्र

समुद्राला आपल्या परंपरेने रत्नाकर म्हटले. त्याची गाज ऐकून कवींनी कविता रचल्या आणि कोळी बांधवांनी नारळी पौर्णिमेला त्याची पूजा केली. परंतु हा सारा परिचय त्याच्या पृष्ठभागाचा. लाटांखाली चार-पाच हजार मीटरांवर काय आहे, हा प्रश्न शतकानुशतके अंधारातच राहिला. पाणी अथांग आहे, एवढे म्हटले की जिज्ञासेचे समाधान होत असे. विसाव्या शतकाच्या मध्यास शास्त्रज्ञांना या अंधारातील पुष्कळ गोष्टी कळू लागल्या. तथापि शास्त्रज्ञाला कळणे निराळे आणि समाजाला उमजणे निराळे. या दोहोंमधील अंतर एका चित्रकाराच्या साहाय्याने कसे ओलांडले गेले, त्याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

समुद्राची खोली मोजण्याची जुनी रीत म्हणजे वजन बांधलेली दोरी खाली सोडणे. खोल पाण्यात एकेका मोजणीला तासन् तास लागत. पुढे प्रतिध्वनीचा उपयोग सुरू झाला. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जहाजातून सोडलेला ध्वनी तळावर आपटून चार सेकंदांनी परतला, तर तेथील खोली सुमारे ३,००० मीटर. चालत्या जहाजातून अशी हजारो मापे मिळू लागली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळील लॅमाँट वेधशाळेत त्यांचे ढीग जमले. सागरावर जाऊन ही मापे आणण्याचे काम ब्रूस हेझन करीत. त्यांचा अर्थ कागदावर लावण्याचे काम मेरी थार्प यांच्याकडे होते. त्या काळी तेथील संशोधन-जहाजांवर स्त्रियांना प्रवेश नसे. थार्प यांनी आधी इंग्रजी वाङ्मय आणि संगीत यांचा अभ्यास केला होता आणि मग भूविज्ञान व गणित यांचा. त्यांचे वडील जमिनीची पाहणी करून मातीचे नकाशे बनवीत. आकड्यांत रूप पाहण्याची दृष्टी त्यांना जणू घरातच लाभली होती.

१९५२-५३ च्या सुमारास उत्तर अटलांटिकचे छेद एकाखाली एक मांडताना थार्प यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. महासागराच्या मधोमध जी पर्वतरांग आहे, तिच्या माथ्यावर सर्वत्र एक खोल खिंडार आढळत होते. पृथ्वीचे कवच तेथे फाटत आहे, असा त्याचा अर्थ. खंडे सरकतात ही कल्पना त्या वेळी बहुतेक विद्वानांना हास्यास्पद वाटे. हेझन यांनीही ही बायकी बडबड म्हणून प्रथम बाजूला सारली. परंतु त्याच वेळी हॉवर्ड फॉस्टर हे सहकारी भूकंपांची केंद्रे नकाशावर टिंबांनी दाखवीत होते. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले, तेव्हा टिंबांची माळ नेमकी त्या खिंडारातून गेलेली दिसली. मग शंकेला जागा उरली नाही.

आता हे जगाला दाखवावयाचे कसे? येथे एक अडचण आडवी आली आणि तीच उपकारक ठरली. शीतयुद्धामुळे अमेरिकी नौदलाने खोलीचे तपशीलवार नकाशे गुप्त ठेवले होते. समान खोलीच्या रेषांचा नेहमीचा नकाशा छापणे शक्य नव्हते. म्हणून थार्प आणि हेझन यांनी निराळी वाट धरली. समुद्रातील सारे पाणी ओसरले आहे आणि पाहणारा उंचावरून तिरक्या नजरेने तळाकडे पाहत आहे, अशी कल्पना करून त्यांनी डोंगर, दऱ्या आणि मैदाने शाईने रेखाटली. १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा उत्तर अटलांटिकचा नकाशा सामान्य माणसालाही वाचता येण्याजोगा होता. ज्या भागाची मापेच नव्हती, तेथे जलपऱ्या आणि बुडालेली जहाजे काढावीत असे थार्प यांच्या मनात आले होते. हेझन यांनी ते मानले नाही. त्या रिकाम्या जागेवर नकाशाची मोठी सूची बसविण्यात आली. कल्पनेला कोठे मोकळीक द्यावी आणि कोठे नाही, याचा विवेक या जोडीने आरंभापासूनच राखला होता.

तरीही अविश्वास संपला नव्हता. फ्रेंच सागरसंशोधक आणि चित्रपटकार जाक कूस्तो यांना ते खिंडार पटत नव्हते. त्यांनी आपल्या कॅलिप्सो जहाजामागून खोल पाण्यात कॅमेरा ओढत नेला आणि त्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रफितीत खिंडाराचे काळे कडे स्पष्ट उमटले. १९५९ साली न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय सागरविज्ञान परिषदेत ती चित्रफीत दाखविण्यात आली. आकड्यांनी जे साधले नव्हते, ते डोळ्यांनी साधले.

यानंतर या कथेत खरा चित्रकार प्रवेश करतो. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताचे हाइनरिख बेरान हे आल्प्सच्या पर्वतरांगांची विस्तीर्ण दृश्ये रंगविण्यात निष्णात होते. असे सांगतात, की आपले वडील तुमच्या नकाशांपेक्षा चांगले चित्र काढतात, असे पत्र त्यांच्या लहान मुलीने ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाला पाठविले. मासिकाने बेरान यांची गाठ थार्प आणि हेझन यांच्याशी घालून दिली. बर्फाच्छादित शिखरांवर ऊन कसे पडते हे जाणणाऱ्या त्या हाताने आता ऊन कधीच न पोहोचणाऱ्या शिखरांवर प्रकाश टाकला. शास्त्रज्ञ शेजारी बसून मापे समजावून देत आणि चित्रकार त्यांना उठाव, छाया आणि रंग देई.

या त्रयीने रंगविलेला पहिला महासागर आपलाच होता, हे मराठी श्रोत्यांना विशेष वाटेल. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी महासागराच्या त्या चित्रामागे, त्याच दशकाच्या पूर्वार्धात अनेक राष्ट्रांच्या जहाजांनी मिळून केलेल्या मोहिमेची मापे होती. भारताच्या नौदलाचे ‘कृष्णा’ हे जहाजही तीत सामील होते. या मोहिमेच्या प्रेरणेतूनच १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि पुढे गोव्यात दोना पावला येथे स्थिरावली. चित्रात अरबी समुद्राच्या पोटातील कार्ल्सबर्ग पर्वतरांग दिसते. मुंबईहून मोंबासाला गेलेल्या पिढ्यान् पिढ्यांच्या प्रवाशांनी ती नकळत ओलांडली आहे. ९० पूर्व रेखांशाला धरून हजारो किलोमीटर सरळ गेलेली दुसरी रांग दिसते. बंगालच्या उपसागरात गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी वाहून नेलेल्या हिमालयाच्या गाळाचा सुमारे ३,००० किलोमीटर लांबीचा पंखा पसरलेला दिसतो. पुढे १९७७ साली त्रयीने जगातील सर्व महासागरांचा तळ एका चित्रात आणला आणि पृथ्वीला वेढून गेलेली सुमारे ६५,००० किलोमीटरांची पर्वतमाला प्रथमच एका दृष्टिक्षेपात आली. त्याच वर्षी हेझन यांचा पाणबुडीतील मोहिमेवर असताना अंत झाला.

अर्थात अशा चित्राला मर्यादा असतात. त्यात उंची मुद्दाम कित्येक पट वाढविलेली असते. प्रत्यक्षातील उतार पुष्कळ सौम्य असतात. दोन जहाजांच्या मार्गांमधील जागा अनुमानाने भरावी लागते. आजही आधुनिक साधनांनी सागरतळाचा जेमतेम चतुर्थांश भाग बारकाईने मोजून झाला आहे. चित्र हे सत्याकडे नेणारे दार होय. प्रत्यक्ष सत्य नव्हे. हे सांगत राहणे शास्त्रज्ञाचे कर्तव्य आणि ते ऐकणे कलावंताचे.

परंतु हे केवळ रसिकतेचे प्रकरण नाही. त्याच १९६७ च्या चित्रात सुमात्रा आणि जावा यांच्या कडेने एक गडद खंदक दाखविलेला आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी तेथेच कवच हलले आणि उठलेल्या त्सुनामीने एकट्या भारतात दहा हजारांहून अधिक जीव घेतले. थायलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आधी मागे हटला, तेव्हा अनेक जण ते नवल पाहण्यास पुढे गेले. उलट, भूकंपकेंद्रापासून अगदी जवळ असलेल्या सिमेउलुए या इंडोनेशियन बेटावर लाट काही मिनिटांतच पोहोचली, तरी सत्तर हजारांहून अधिक वस्तीत दगावलेल्यांची संख्या दहाच्याही आत राहिली. कारण १९०७ सालच्या अशाच संकटाची आठवण तेथील लोकांनी कथागीतांत जपली होती: जमीन जोराने हलली आणि पाणी हटले, तर टेकडीकडे धावा. आजीच्या तोंडून ऐकलेल्या त्या गीताने पूर्वसूचना देणाऱ्या यंत्राचे काम केले.

हैदराबाद येथील केंद्रातून २००७ पासून त्सुनामीचे इशारे दिले जातात. ती व्यवस्था अमोल आहे. मात्र इशारा मिळाल्यावर माणसाचे पाय कोणत्या दिशेला वळतील, हे त्याच्या मनात समुद्राची जी प्रतिमा असेल तिच्यावर अवलंबून राहते. ती प्रतिमा यंत्र घडवीत नाही. ती चित्र, गीत आणि कथा घडवितात, आणि ती खरी असावी यासाठी त्यांच्याशेजारी शास्त्रज्ञ बसावा लागतो. कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील शाळांत भारताच्या नकाशाच्या निळ्या भागावर बहुधा नुसता समुद्राचा शब्द लिहिलेला असतो. त्या निळाईखालची शिखरे आणि खंदक मुलांना दाखविणारा एक नकाशा, आणि त्यांच्या बोलीत रचलेले एक गीत, एवढे जरी सिद्ध झाले, तरी एका चित्रकाराने आणि दोन शास्त्रज्ञांनी टिरोलच्या डोंगरांत आरंभिलेले काम आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले, असे म्हणता येईल.