संगणकाचा पंखा आणि वर्गातली शांतता



शाळेतल्या संगणकाच्या खोलीत आपण कधी डोकावला आहात काय? पाचसहा यंत्रे एकदम सुरू झाली की पिठाच्या गिरणीत आल्यासारखे वाटते. गुरुजी पुढे उभे राहून सांगत असतात आणि शेवटच्या बाकावरची मुलगी कानामागे हात धरून बसलेली असते. हा आवाज येतो कुठून? तो येतो संगणकाच्या पेटीतल्या पंख्यांतून.

माझ्या परिचयाच्या एका गुरुजींनी या आवाजाला कंटाळून पेटी उघडली आणि आतल्या पंख्याची तारच उपटून टाकली. शांतता झाली खरी. पण थोड्याच वेळात यंत्र रखडत चालू लागले आणि मग आपणहून बंद पडले. मुलांनी तासभर खपून लिहिलेला मजकूर गेला तो गेलाच! तेव्हा यंत्रही गार राहावे आणि वर्गही शांत असावा, हे साधेल काय? साधते, पण त्यासाठी पंख्याचा स्वभाव ओळखावा लागतो.

पंखा मुळात कशाला हवा, ते आधी पाहू. संगणकात हिशेब करणारा जो भाग असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. साध्या संगणकातला प्रोसेसरही भर कामात ६५ वॅट किंवा त्याहून अधिक वीज खातो, आणि तिची सगळी उष्णताच होते. जुन्या ६० वॅटच्या दिव्याला ज्याने चुकून हात लावला असेल, त्याला ही उष्णता किती ते सांगायला नको. इथे तर ती एवढ्याशा चकतीतून बाहेर पडते. म्हणून तिच्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा बसवतात आणि त्यावर पंखा. उष्णता १०० अंशांच्या आसपास गेली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी काम मंद करतो, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद होते. गुरुजींच्या संगणकाचे हेच झाले.

आता आवाजाचे गणित ऐका. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो. पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो. म्हणजे वेग थोडा कमी केला की वारा थोडाच घटतो, आवाज मात्र पुष्कळ घटतो. घरातला छताचा पंखा पाहा. मोठी पाती, सावकाश फिरणे, आणि सगळ्या खोलीला वारा! तेच काम चिमुकल्या पंख्याकडून घ्यायचे तर तो किंचाळणारच.

तेव्हा पहिला नियम असा, की पेटीत मावेल तेवढा मोठा पंखा घ्यावा. हे पंखे ८०, ९२, १२० आणि १४० मिलिमीटर अशा मापांचे मिळतात. १२० मिलिमीटरच्या चौकटीचे क्षेत्रफळ ८० मिलिमीटरच्या सव्वादोन पट भरते. बाजारात जाण्यापूर्वी जुन्या पंख्याची चौकट या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टीने मोजून घ्या. अंदाजावर जाऊ नका. दुकानदाराला आणखी एक विचारा : बेअरिंग कोणते? साधे बुशचे स्वस्त असते, पण तेल सुकले की खरखर सुरू होते. द्रवाच्या पातळ थरावर फिरणारे बेअरिंग थोडे महाग, पण शांत आणि टिकाऊ असते.

दुसरा नियम वेग ताब्यात ठेवण्याचा. छताच्या पंख्याला आपण रेग्युलेटर लावतो ना? तसा संगणकात आधीच असतो, फक्त त्याला कामाला लावावे लागते. पंख्याच्या तारेच्या टोकाला तीन किंवा चार छिद्रे असतात. तीनवाल्याचा वेग विजेचा दाब कमीजास्त करून बदलतात. चारवाल्याला वेगाचा हुकूम चौथ्या तारेतून मिळतो. शक्य तर चारचाच घ्यावा. संगणक सुरू होताना बहुधा ‘डिलीट’ किंवा ‘एफ २’ ही कळ दाबली की मांडणीचा पडदा उघडतो. तिथे कोणत्या उष्णतेला किती वेग, हे ठरवता येते. प्रोसेसर ५० अंशांपर्यंत असेल तर पंखा सावकाश, ७० ला मध्यम, ८५ ला पूर्ण, ही मांडणी सुरुवातीला ठीक आहे. सावकाश म्हणजे पंखा अडखळून थांबेल इतका मात्र नव्हे, बरं का! वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर तीही लावावी. एकसारखा आवाज कान विसरतो. घडीघडीला चढउतरणारा मात्र विसरू देत नाही.

ही मांडणी थंडीत केली असेल तर चैत्र-वैशाखात पुन्हा तपासा. पंखा खोलीतलाच वारा फिरवतो. खोलीहून गार वारा तो आणणार कुठून? पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा.

आणि धूळ! आपल्याकडे आवाजाचे कारण पुष्कळदा तीच असते. पट्ट्यांत धूळ भरली की उष्णता अडते आणि पंखा जोराने धावू लागतो. म्हणून नवा पंखा घेण्याआधी वीज बंद करून, तार काढून, मऊ कुंचल्याने पेटी आतून झाडा. हवेचा झोत मारणार असाल तर पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडते. वीज पुरवणारी आतली बंद डबी मात्र कधीही उघडू नका. तार काढल्यावरही तिच्यात विजेचा साठा राहतो.

एवढे केल्यावर पेटीमागे तळहात धरून पाहा. कोमट वारा हाताला लागावा आणि कानाला फारसे काही ऐकू येऊ नये. मग शेवटच्या बाकावरच्या मुलीला कानामागचा हात काढून लिहायला घेता येईल.