रक्तदाबाचा आकडा आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. मी डॉक्टर नाही. मॅट्रिकच्या पलीकडे माझी मजल गेली नाही आणि नोकरीचा सारा काळ मराठी शाळेतील मुलांना बेरीज-वजाबाकी व शुद्धलेखन शिकविण्यात गेला. तेव्हा रक्तदाबावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच होय. माझा अधिकार एवढाच की, या आकड्याने आमच्या घरात दोनदा फसविले. एकदा माझ्या थोरल्या बंधूंना व एकदा मला. आकड्याने फसविले असे म्हणतो खरा. वस्तुतः तो नीट घेतला नाही व नीट वाचला नाही, हा दोष आमचा.

दादांची हकीकत प्रथम सांगतो. त्यांच्या वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कोणीतरी त्यांचा रक्तदाब मोजला. तो १६८ व ८२ निघाला. आपल्याकडे एक जुना हिशेब तोंडोतोंडी चालत आला आहे: वय अधिक शंभर. दादांनी बेरीज केली, १७१ आले. "माझा तर तीनने कमीच आहे," असे ते सर्वांना हसत सांगत. शिवाय खालचा आकडा चांगला, मग चिंता कसली? दीड वर्षानंतर एके सकाळी वर्तमानपत्र त्यांच्या उजव्या हातातून गळून पडले व जीभ जड झाली. पक्षाघात! पुढे तीन वर्षे ते जगले. त्यांचे अक्षर मोत्यासारखे. लहानपणी माझा हात धरून त्यांनीच मला पाटीवर गिरविण्यास शिकविले होते. त्याच दादांचा डावा हात धरून, पेन्शनच्या कागदावर सही यावी म्हणून, मी त्यांच्याकडून त्यांचे नाव गिरवून घेत असे. याहून अधिक त्याविषयी मला बोलवत नाही.

मग हा आकडा तरी काय आहे, हे शोधण्याचा नाद मला लागला. १७३३ साली स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने एका घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला उंच काचनळी जोडली, तेव्हा रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढले! माणसावर असा प्रयोग कोण करू देणार? १८९६ साली इटलीतील रीवा-रोची या वैद्याने दंडाला फुगणारा पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभाने दाब मोजण्याची सोय केली. परंतु मनगटावरील नाडी केव्हा परत येते एवढेच त्यात कळे, म्हणजे केवळ वरचा आकडा. १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखाली स्टेथॉस्कोप लावून ऐकले. पट्टा सैल होताना ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा आकडा व ते नाहीसे होतात तो खालचा. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड. म्हणजे १४० मिलिमीटर पारा हा पाण्याचा सव्वासहा फूट उंच स्तंभ झाला. हा हिशेब मी स्वतः दोनदा करून पाहिला, कारण प्रथम माझा त्यावर विश्वास बसेना. एवढा जोर आपले हृदय दर ठोक्याला लावीत असते.

वय वाढते तशी मोठ्या धमन्यांची लवचिकता जाते. सायकलची नवी ट्यूब व उन्हात वाळलेली जुनी ट्यूब यांतील भेद आठवावा. तरुण धमनी रक्ताचा लोंढा येताच ताणते व दाब झेलते. कडक धमनी ताणत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. उलट साधारण साठीनंतर खालचा आकडा उतरू लागतो. दादा ज्याला शुभलक्षण समजले, ते धमन्या कडक झाल्याचे चिन्ह होते. आणि हृदयाला अधिक जोराने रक्त लोटावे लागल्याने त्याची भिंत जाड होते, पुढे ते थकते.

पूर्वी पुष्कळ डॉक्टरांचीही समजूत होती की वृद्धांना हा वाढलेला दाब आवश्यकच असतो. ती समजूत प्रयोगाने खोटी ठरली. १९९१ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढील ४,७०० हून अधिक स्त्रीपुरुष त्यात होते. वरचा आकडा १६० वा अधिक, खालचा मात्र ९० हून कमी. म्हणजे अगदी आमच्या दादांसारखे! त्यांपैकी ज्यांना क्लोरथॅलिडोन हे साधे, स्वस्त औषध आरंभी देऊन उपचार केले, त्यांच्यात पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झाले. पुढे २००८ साली ऐंशीच्या वरील वृद्धांवरील पाहणीतही उपचारांचा लाभ दिसला. हृदय थकण्याचा विकार तर निम्म्याहून कमी झाला. दादांच्या बेरजेच्या कितीतरी आधी १९९१ चे ते निष्कर्ष छापून झाले होते. आमच्या गल्लीत पोहोचले नाहीत, इतकेच.

आता माझी हकीकत, ती अगदी उलट आहे. गतवर्षी याच सभागृहात मंडळाचे तपासणी शिबिर झाले. दोन जिने चढून मी आलो, चहा घेतला, रांगेत उभा राहिलो आणि शेजारच्या स्नेह्यांशी वर्गणीच्या प्रश्नावर जोराने वाद घालीत असतानाच सदऱ्याच्या बाहीवर पट्टा गुंडाळला गेला. आकडा आला १७६. तो कागद डॉक्टरांना दाखविताच गोळ्या वाढल्या. आठवडाभरात पहाटे लघवीला उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली व उंबऱ्यावर कपाळ आपटले. नंतर रीतसर मोजले, तेव्हा बसून १३८ व उभे राहिल्यावर ११२ भरले. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० वा खालचा १० ने उतरला, तर तोल जाण्याचे भय असते. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. मी आपल्या मनाने केल्या नाहीत, हे मुद्दाम सांगतो. कारण आपल्यात मनाने गोळी सोडणारे बहाद्दर थोडे नाहीत.

तर रीतसर मोजणे म्हणजे काय? अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू व धावपळ वर्ज्य. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकेल अशा खुर्चीवर, पाय जमिनीवर ठेवून, मांडी वा पायावर पाय न घालता, पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंड उघडा असावा. भगिनींनी घट्ट बाही वर सरकवून दंड आवळू नये. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला अरुंद पट्टा लावल्यास आकडा खोटा वाढतो. हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकलेला असावा. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु २०२४ सालच्या अमेरिकेतील एका प्रयोगात हात मांडीवर ठेवल्याने वरचा आकडा सुमारे ४ ने व लोंबता ठेवल्याने साडेसहाने अधिक दिसला. आणि मोजताना बोलू नये. आम्हा मास्तरांना हाच नियम सर्वांत कठीण. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे, प्रथम दोन्ही दंडांवर पाहावे आणि वृद्धांचे उभे करूनही पाहावे. अलीकडे तर बसून योग्य पण निजल्यावर वाढलेला दाबही हृदयविकाराचा धोका दर्शवितो, असे अमेरिकेतील सुमारे अकरा हजार लोकांच्या दीर्घ पाहणीत आढळले आहे.

डॉक्टरांच्या खोलीत आकडा चढतो, अशी पुष्कळांची प्रकृती असते. याकरिता घरी दंडाचे यंत्र असलेले बरे. मनगटाचे शक्यतो घेऊ नये. सात दिवस सकाळी गोळीपूर्वी व सायंकाळी दोन-दोन वेळा मोजून वहीत लिहावे, पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. घरची सरासरी १३५ व ८५ वा त्याहून अधिक भरली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. सरासरी काढणे कठीण वाटल्यास नातवंडांना सांगावे, किंवा माझ्याकडे वही पाठवावी. तेवढे गणित मला येते.

यंदाच्या शिबिरासाठी मी चिटणीसांकडे पाठीच्या सहा खुर्च्या, योग्य उंचीचे टेबल, तीन मापांचे पट्टे, बसण्यासाठी निराळी शांत खोली आणि वर्गणीची चर्चा दुसऱ्या मजल्यावर, अशी मागणी केली आहे. चहा तपासणीनंतर द्यावा, असेही सुचविले आहे. खुर्च्या व पट्टे मान्य झाले. चहाचा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे.