स्टार्ट बटण कुठे गेलं?



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील बदल' हा विषय दिला आहे. दहा मिनिटांत तो आवरणार नाही, म्हणून मी एका बटणाबद्दलच बोलते.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात 'स्टार्ट' येऊन बसलं. पुढची सतरा वर्षं ते तिथेच होतं. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि ते बटण गेलं. संगणक सुरू केला की पडदाभर रंगीत फरश्या. आपला रोजचा डेस्कटॉप ही त्यातलीच एक फरशी. संगणक बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्या, लपलेली पट्टी बाहेर आली की सेटिंग्ज, मग पॉवर, मग शट डाउन.

यामागे विचार होता, हे मान्य करायला हवं. २०१० मध्ये आयपॅड आला होता आणि बोटाने चालणाऱ्या पडद्यांचे दिवस सुरू झाले होते. कडेवरून बोट आत सरकवणं सोपंच असतं. पण माउस हातात असलेल्या माणसाला त्या कडेला काही आहे हे कळणार कसं? तिथे खूणच नव्हती. फरश्यांवर लोकांनी बरीच टीका केली, पण त्या निदान दिसत तरी होत्या!

त्या काळात नातेवाइकांचे फोन यायचे. मी सांगायचे, "कीबोर्ड तोच आहे. विंडोजची खूण असलेली की धरून डी दाबा, डेस्कटॉप येईल. नुसती ती की दाबून प्रोग्रामचं नाव टाइप करा, तो सापडेल." जमायचं. तरी फोन ठेवताना बहुतेक जण म्हणायचे, "आता आमचं वय झालं गं." ते मला खटकायचं. आपल्यापैकी कितीतरी जण दहावीच्या सुट्टीत टायपिंगच्या क्लासला गेलो. तेव्हा बोटांत बसलेलं एएसडीएफ आजही न बघता चालतं. उद्या कुणी ती अक्षरं हलवली, तर आपणही अडखळू. त्यात वयाचा काय संबंध?

पुढे १७ ऑक्टोबर २०१३ ला विंडोज ८.१ मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की पुन्हा फरश्याच. मेन्यू परतला तो २९ जुलै २०१५ ला, विंडोज १० बरोबर.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरला नवं रूप देण्याचं काम आलं. आराखडा सुबक होता. मी दोन दिवस काउंटरवर बसले. तिथल्या ताईंची नजर गिऱ्हाइकावर आणि पिशवीवर असायची, बोटं आपोआप एफ-कीज दाबायची. पडद्याकडे त्या शेवटी एकदाच बघायच्या, रक्कम वाचायला. नव्या आराखड्यात त्या कीज नव्हत्या. मी बैठकीत त्या राहिल्याच पाहिजेत असा आग्रह धरला. एक तरुण सहकारी म्हणाला, "मॅडम, जुन्या लोकांसाठी किती दिवस थांबायचं?" बरीच वादावादी होऊन सहा महिने जुन्या कीज ठेवायचं ठरलं. ती मुदत पुढच्या महिन्यात संपते. बैठकीला त्या ताईंनाही बोलवा, असं मी लेखी कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.