बदलती वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आणि तिची पूर्वतयारी



मठाच्या वर्धापनप्रसंगी अध्ययनाचा विचार व्हावा, हे परंपरेला धरूनच आहे. ज्या कुटुंबांतील मुले एके काळी मठांच्या आश्रयाने शास्त्रे शिकली, त्याच कुटुंबांतील कितीतरी मुलामुलींना आज वैद्यकविद्येची ओढ आहे. त्या विद्येच्या दाराशी उभी असलेली परीक्षा मात्र वारंवार रूप पालटते. परीक्षा पालटली की विद्यार्थी गोंधळतो, पालक धास्तावतात आणि नव्या पुस्तकांचा व नव्या शिकवण्यांचा बाजार भरतो. अशा वेळी पालटले काय आणि कायम राहिले काय, याचा विवेक करणे हाच पूर्वतयारीचा पहिला पाठ होय.

राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘नीट’, प्रथम 2013 साली झाली. त्याच वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने आपला तो निर्णय मागे घेतला आणि परीक्षा पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत राज्याराज्यांच्या स्वतंत्र परीक्षा असत. त्या मागे पडल्या आणि पणजी, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील विद्यार्थी एकाच प्रश्नपत्रिकेसमोर बसू लागले. 2024 साली या परीक्षेस 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या लाखाहून थोड्या अधिक. एकेका गुणासाठी एवढी ओढाताण का होते, हे यावरून ध्यानी यावे.

अलीकडील मोठे बदल दोन. पहिला प्रश्नपत्रिकेच्या घडणीतला. 2021 ते 2024 या चार वर्षांत भौतिक, रसायन, वनस्पती व प्राणी या चारही विभागांत 50 प्रश्न असत. त्यांपैकी 45 सोडवावयाचे. पाच प्रश्न टाकून देण्याची ही मुभा 2025 साली संपली. आता भौतिकशास्त्राचे 45, रसायनशास्त्राचे 45 आणि जीवशास्त्राचे 90, असे 180 प्रश्न, सर्व आवश्यक. आणि वेळही 200 मिनिटांवरून 180 मिनिटांवर आलेला. नावडते प्रकरण सोडून देऊन त्याची भरपाई पर्यायी प्रश्नांतून करण्याची वाट बंद झाली. यास्तव सर्वांत कच्चे प्रकरण शेवटी नव्हे, तर आरंभी हाती घेणे शहाणपणाचे.

दुसरा बदल अभ्यासक्रमाचा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2024 च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रम नव्याने ठरविला. घनावस्था, बहुवारिके, धातुविज्ञान असे रसायनशास्त्रातील भाग गळले. प्रयोगकौशल्यावरील भाग नव्याने आले. मानवी शरीरक्रियांतून पचन व शोषण हे प्रकरणही वगळले गेले. पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु प्रकरण पुस्तकातून गळाले म्हणून जठर शरीरातून गळत नाही! प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात तेच जठर, तेच यकृत, तीच पाचक द्रव्ये पुढे उभी राहतात. परीक्षेचा अभ्यासक्रम ही कुंपणाची रेघ आहे. शास्त्राची सीमा नव्हे. परीक्षेच्या वर्षी कुंपणाच्या आत राहावे हे योग्यच. मात्र पलीकडे काही नाहीच, असे मानणाऱ्या मुलाला पुढे अडखळावे लागते.

आता गुणांचे गणित. बरोबर उत्तरास 4 गुण. चुकल्यास 1 गुण वजा. याचा धसका घेऊन कित्येक विद्यार्थी अर्धवट ठाऊक असलेले प्रश्नही कोरे सोडतात. चार पर्यायांपैकी दोन निश्चित चूक आहेत असे ज्यास कळले, त्याने असे दोन प्रश्न सोडविले तर सरासरीने एक बरोबर, एक चूक. म्हणजे 3 गुणांचा लाभच होतो. उलट सर्वस्वी अज्ञात प्रश्नावर वेळ दवडणे हे खरे नुकसान, कारण प्रश्नामागे मिनिट एकच. जीवशास्त्राचे 90 प्रश्न वाचनाच्या बळावर 50 मिनिटांत उरकले, तरच भौतिकशास्त्राच्या आकडेमोडीस श्वास घ्यावयास अवसर मिळतो. ही चपळाई वाचून येत नाही. परीक्षा दुपारी 2 ते 5 घेतली जात असल्याने आठवड्यातून एकदा त्याच वेळी, घड्याळ लावून, उत्तरपत्रिकेवरील वर्तुळे शाईने भरीत संपूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी, आणि दुसऱ्या दिवशी चुका तपासाव्यात. हा दुसरा दिवस बहुतेक जण टाळतात; वास्तविक अभ्यास होतो तो त्याच दिवशी.

आपल्या परंपरेने श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या. शिकवणीच्या वर्गांत श्रवण भरपूर होते. मननास वेळ उरत नाही. एन.सी.ई.आर.टी.चे एक पुस्तक तीनदा समजून वाचणारा विद्यार्थी तीन पुस्तके एकेकदा चाळणाऱ्याच्या पुढे जातो.

भाषेचा प्रश्न महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांस अधिक जाचतो. ‘नीट’ 13 भाषांतून होते व त्यांत मराठी आहे. पण मराठी प्रश्नपत्रिकेची केंद्रे महाराष्ट्रातच ठेवलेली आहेत. बेळगावच्या मुलाने मराठी निवडली तर त्यास सीमेपलीकडे जावे लागते. घराजवळ बसावयाचे तर इंग्रजी, हिंदी किंवा कन्नड यांतून निवड करावी लागते. मराठी प्रश्नपत्रिकेतही शेजारी इंग्रजी मजकूर असतो आणि अर्थभेद झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण धरला जातो. म्हणून दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याने अकरावीच्या पहिल्याच दिवसापासून दुहेरी शब्दसूची राखावी. पेशी, ऊती, त्वरण, संवेग, संयुजा अशा प्रत्येक संज्ञेसमोर इंग्रजी संज्ञा लिहावी. कल्पना मातृभाषेत स्पष्ट असली की परक्या शब्दाचे ओझे वाटत नाही. पणजीस 1842 साली स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयात गोमंतकीय विद्यार्थी पोर्तुगीजमधून शरीरशास्त्र शिकले. हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात वैद्यकाचे अध्यापन उर्दूतून होई. मध्य प्रदेशात 2022 साली हिंदी पाठ्यपुस्तके आली. भाषा पालटल्या, नाडी तीच राहिली.

समाजाने काय करावे, हेही सांगणे अगत्याचे आहे. परगावच्या महागड्या शिकवणीचा खर्च प्रत्येक घरास झेपत नाही. मठाच्या वास्तूत एक शांत वाचनकक्ष, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संग्रह, रविवारी दुपारी तीन तासांची सराव परीक्षा, आणि समाजातील एखाद्या डॉक्टराने घेतलेले शंकानिरसन, एवढे जरी झाले तरी अनेक मुलांचे कल्याण होईल. यास मोठा निधी लागत नाही, नियमितपणा लागतो.

शेवटी पालकांस एक विनंती. 2024 साली प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. संपूर्ण फेरपरीक्षा झाली नाही, पण निकाल काय लागतो या चिंतेत लाखो घरांनी काही आठवडे काढले. परीक्षेची व्यवस्था मुलाच्या हाती नसते, अभ्यास असतो. निकालाच्या दिवशी गुण विचारण्यापूर्वी मुलास जेवावयास बोलवावे. वैद्यकाचे दार उघडले नाही, तरी परिचर्या, औषधनिर्माण, जीवशास्त्रातील संशोधन ही रुग्णसेवेचीच दारे आहेत. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याच्या अंगी जी स्थिरता लागते, ती त्यास प्रथम आपल्या घरातच मिळावयास हवी.